परत भरलेली खोली

मला काही वाटलं नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी वाट बघत बसायला नको.

आईची खोली मी एका दुपारीत रिकामी केली. साडेचार तास लागले, त्यातला अर्धा तास दादाने खाल्ला. पुढची खोली, मागचं स्वयंपाकघर, बाथरूममधलं कपाट आणि पलंगाखालच्या दोन बॅगा, एवढंच सामान. परक्याचं असतं तर चार तासांत उरकलं असतं. पण दादा मध्येच एखादी वस्तू उचलायचा आणि "ही आठवते का गं तुला?" म्हणत उभा राहायचा. मला आठवायची. मी म्हणायचे, "हो, आठवते. त्या खोक्यात टाक."

माझं कामच हे आहे. जुने कपडे आणि जुनं घरसामान विकणारं एक दुकान आहे, त्याच्या मागच्या बाजूला निवडीच्या टेबलाशी मी अकरा वर्षं उभी आहे. लोक पिशव्या भरभरून आणून टाकतात. कुणी जाड झालेलं असतं, कुणी बारीक, कुणाचं घर बदललेलं, कुणाचं माणूस गेलेलं. पिशवी उघडली की मला वासावरून कळतं यातलं काय आहे, पण त्याचं मला काही करायचं नसतं. एका कपड्याला तीन सेकंद. झटकायचा, काखा बघायच्या, कॉलर बघायची, चेन ओढायची, खिशात हात घालायचा. चांगला असेल तर हँगरवर, बरा असेल तर गठ्ठ्यात, अगदीच गेलेला असेल तर चिंध्यांत. आणि आधीच्या मालकाची काही खूण असेल, नाव, आद्याक्षरं, लाँड्रीचा नंबर, तर ती कात्रीने उडवायची. गिऱ्हाइकाला वस्तू जुनी चालते, दुसऱ्या कुणाची चालत नाही.

आता आईचं ऐका. आईने हयातभर एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखात्यात काम केलं. तिथे दिवसाला हजार टॉवेल, त्यात कुणाचं काय कुठे जाईल नेम नाही, म्हणून प्रत्येक मजल्याचा दोरा वेगळ्या रंगाचा. ती सवय तिने घरी आणली. आमच्या घरच्या प्रत्येक कापडाला आतल्या कडेला हिरव्या दोऱ्याचे तीन टाके असायचे. चादरी, उशांचे अभ्रे, स्वेटर, हातरुमाल, आमचे मोजेसुद्धा. खेळाच्या तासाला मी बूट काढले की पोरी हसायच्या. शाळा संपेपर्यंत माझं नाव "हिरवा दोरा" होतं. नवरा नसलेली, दोन पोरं असलेली बाई होती ती, एकही वस्तू हरवणं तिला परवडण्यासारखं नव्हतं. आम्ही दोघांनी कधी काही हरवलं नाही, तेही त्या दोऱ्यामुळेच म्हणायचं.

खोली रिकामी केली त्या शनिवारी तिथेच बसून मी ते सगळे टाके कापले. दुकानात नेऊन कापायचे तर दुप्पट वेळ जातो. दादा बघत राहिला. "ते कशाला काढतेस?" म्हणाला. मी म्हटलं, "नियम आहे." त्याने पुढे विचारलं नाही. मी कापलेले दोरे कागदावर गोळा केले आणि कचऱ्यात टाकले.

तुम्ही म्हणाल, आई गेली म्हणून एवढी घाई. गेली नव्हती. तेच तर आहे.

सोमवारी ती बाथरूममध्ये पडली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि सांगितलं, "वय बघता फार आशा धरू नका. कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या." मी दादाला बोलवलं. तो नऊ तासांवर राहतो, त्याला रजा मिळाली चार दिवसांची. आई डोळे मिटून पडलेली, नाकात नळी, हाताला सलाईन. आम्ही आळीपाळीने बसलो. खोली भाड्याची होती, महिनाअखेरीला सोडता आली असती. दादा म्हणाला, "मी आहे तोवर जड सामान हलवून घेऊ. नंतर तू एकटी पडशील, आणि मला परत रजा कोण देतंय?" त्यात चूक काय होती? मला तर काहीच दिसली नाही. शनिवारी, सहाव्या दिवशी, आमच्या दुकानाचा गाडीवाला टेम्पो घेऊन आला आणि दोन खेपांत खोली मोकळी झाली. रविवारी दादा परत गेला. जाताना म्हणाला, "काही बातमी आली की कळव." कुठली बातमी ते दोघांनाही माहीत होतं.

बातमी अशी आली की चौदाव्या दिवशी आईने डोळे उघडले आणि चष्मा मागितला.

सिस्टरचा फोन आला तेव्हा मी टेबलाशी होते, एका कोटाच्या खिशात हात होता. मी "बरं" म्हटलं. सिस्टरला वाटलं मला ऐकू आलं नाही, तिने परत सांगितलं. मी परत "बरं" म्हटलं. मग कोट हँगरवर लावला, त्याला चिठ्ठी लावली आणि चष्म्यांच्या खोक्याकडे गेले.

आमच्याकडे चष्मे विकत नाहीत, एका मोठ्या खोक्यात साठवतात आणि महिन्यातून एकदा कुणीतरी येऊन घेऊन जातं. आईचा मी त्यातच टाकला होता. खोक्यात दोनेकशे चष्मे असतील, त्यात तपकिरी काड्यांचे साठ. मी ते सगळे टेबलावर मांडले. आईच्या चष्म्याला कुठे ओरखडा होता, काडी वाकलेली होती का, काचा चौकोनी होत्या की गोल, काही आठवेना. तीस वर्षं मी तिचं तोंड त्या चष्म्याच्या मागे बघितलं होतं. शेवटी एक उचलला आणि हॉस्पिटलमध्ये नेला.

"तुझा फुटला, पडलीस तेव्हा," मी म्हटलं. "तोवर हा लाव."

आईच्या तोंडाची उजवी बाजू खाली ओढली गेली होती. तिने डाव्या हाताने चष्मा लावला, माझ्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. "धूसर आहे," म्हणाली. जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होते. ते माझं पहिलं खोटं. फार सोपं गेलं.

डॉक्टर आता एकदम खुशीत होते. सिस्टरने मला कागद समजावून सांगितले. पुढच्या शुक्रवारी घरी सोडू, उजवा हात हळूहळू येईल, डोकं शाबूत आहे. "फक्त तिला तिच्या स्वतःच्या खोलीत, ओळखीच्या सामानात ठेवा. अशा पेशंटला सगळं जागच्या जागी दिसलं की धीर येतो. नवीन काही करायला जाऊ नका." मी मान हलवली. तिच्या खोलीत काय होतं, तर चार भिंती आणि घड्याळाचा खिळा.

दादाला फोन केला. सगळं सांगितलं.

"आता?" तो म्हणाला.

"आता काय? भरायची परत."

"तिला सांगू नकोस गं. तिला कळलं की आपण तिला…"

"मी कशाला सांगते?"

त्याने पैसे पाठवतो म्हटलं आणि रडला. दादाला रडता येतं, लहानपणापासून येतं. मी फोन कानाशी धरून त्याचं होईपर्यंत थांबले.

तर काम असं होतं. शुक्रवारपर्यंत खोली होती तशी करायची, आणि आईला कळू द्यायचं नाही की तिची पोरं तिला गेली असं धरून मोकळी झाली होती. बाकी मला काही कळत नसलं तरी एवढं कळत होतं, की मेलेलं माणूस काही विचारत नाही पण जिवंत विचारू शकतं. घरमालकिणीने खोली अजून कुणाला दाखवली नव्हती. तिला मी सांगितलं, खोली सोडत नाही. ती "बरं झालं बाई" म्हणाली आणि चेहरा दुसरीकडे केला.

आमच्याकडे दर आठवड्याच्या मालाला वेगळ्या रंगाची चिठ्ठी असते. चार रंग, चार आठवडे. नवीन रंग आला की सर्वांत जुना उतरतो, आणि तोवर जे विकलं गेलं नाही त्याची गाठोडी बांधून किलोवर जातात. म्हणजे काखेत फाटलेला कोटसुद्धा आमच्याकडे चार आठवडे टांगलेला असतो. आईला आम्ही सहा दिवस दिले होते. हे मला तेव्हा सुचलं नाही, नंतर सुचलं. तेव्हा मी एवढंच म्हटलं की आईच्या आठवड्याची चिठ्ठी गुलाबी, ती शोधली की झालं.

दुकान उघडण्याआधी मी पुढच्या भागात गेले. गुलाबी चिठ्ठीचे राखाडी स्वेटर, बटणांचे, बायकी, मध्यम मापाचे, पाच निघाले. पाचही टेबलावर ठेवले. एकेक उलटा करून कड बघितली. टाके नव्हते, कारण मीच कापले होते, आणि मी टाका कापते तेव्हा कापडाला भोकसुद्धा राहत नाही. ती माझी खासियत आहे, नवीन बायकांना मी शिकवते. पाच स्वेटर पुढ्यात आणि यातला माझ्या आईचा कुठला ते मला सांगता येईना. दिवसाला चारशे कपडे हातावेगळे करणारी मी. नाक लावून बघितलं. पाचांनाही दुकानाचा वास येत होता.

गल्ल्यावरची बाई आली. ती आणि मी एकाच वर्षी लागलो. स्वभाव फटकळ, पण मनात काही ठेवणारी नाही.

"काय शोधतेस?"

"आईचे कपडे."

"आई गेली ना तुझी?"

"नाही. शुक्रवारी घरी येतेय."

तिने पर्स खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं, स्वेटरांकडे बघितलं. एकेक स्वेटर हातात घेऊन उलटसुलट केला. मग म्हणाली, "हा घे. याची कोपरं झिजलीत. म्हाताऱ्या बायका कोपर टेकून बसतात." मी तो घेतला.

मग तिने आठवून आठवून सांगायला सुरुवात केली. तिला कुणी काय नेलं ते पाठ असतं. रेडिओ एका कॉलेजच्या पोरीने नेला, ती परत दिसणार नाही. घड्याळ पहिल्याच दिवशी गेलं. पडदे आहेत, कारण त्यांचा रंग कुणाला आवडणार? किटली आहे, तिची मूठ जळलेली आहे म्हणून. चार कपांतला एक दादाने नेला होता, एक कुणीतरी सुटा घेतला, दोन मिळाले. पलंग गाडीवाल्याकडेच होता, गोदामात आडवा लावलेला. ब्लँकेट गेलं. आणि आईची हातांची खुर्ची, जिच्यात ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसायची, ती मागच्या गल्लीतल्या शिंप्याने नेली.

शिंप्याचं दुकान म्हणजे एक दार आणि एक मशीन. तो खुर्चीवर बसूनच काम करत होता.

"काका," मी म्हटलं, "ही खुर्ची मला परत पाहिजे. हिच्याऐवजी चांगली गादीची खुर्ची देते. आणलीय, बाहेर टेम्पोत आहे."

"जुन्या सामानाच्या दुकानातली माणसं विकलेला माल परत मागायला आलेली पहिल्यांदा बघतोय," तो म्हणाला. मशीन थांबवलं नाही. "ही मला बरोबर झालीय. पाय लांब होते, चार बोटं कापून घेतले."

मी खाली वाकून बघितलं. कापले होते, अगदी सरळ. शिंपीच तो.

"कुणाची आहे?"

"आईची."

आता मशीन थांबलं. "गेल्या का?"

"नाही. येतेय परत."

त्याला काही कळलं की नाही कोण जाणे, पण तो उठला. खुर्चीवरचे दोऱ्यांचे तुकडे हाताने झाडले, मग कोपऱ्यातल्या डब्यात हात घालून कापलेले तुकडे काढले. तीनच होते. चौथा त्याने मशीनखाली पाचर म्हणून ठोकला होता, तो निघेना. "तीन तरी न्या," म्हणाला. गाडीवाल्याने ते तीन आणि एक दुसऱ्याच लाकडाचा असे चार तुकडे खिळे मारून जोडले. खुर्ची उभी राहिली. बसलं की किंचित डुलायची.

उरलेल्यासाठी मी रजा टाकून गावातली बाकीची दुकानं पालथी घातली. अकरा वर्षांत मी पहिल्यांदा गिऱ्हाईक म्हणून अशा दुकानात शिरले. पुढून सगळं निराळंच दिसतं. बायका हँगर सरकवत होत्या, एकीने एक ब्लाउज अंगाला लावून बघितला आणि आरशात स्वतःकडे बघून हसली. मला वाटलं, त्याची काख बघ आधी. एका दुकानात आईच्यासारखं घड्याळ मिळालं, फक्त आकडे काळे होते, आईच्या घड्याळाचे सोनेरी. दुसऱ्या दुकानात ब्लँकेट, तसंच निळं, बहुतेक. तिसऱ्या दुकानातल्या बाईने मला विचारलं, "काही विशिष्ट शोधताय का?" मी म्हटलं, "नाही, असंच. नवीन खोली लावतेय." ती म्हणाली, "वा, मजा आहे." मी हो म्हटलं.

गुरुवारी दुपारी मी खोलीत बसले. पलंग लागला होता, पडदे लागले होते, किटली जागेवर होती. समोर परक्यांच्या वस्तूंचा ढीग: चादरी, अभ्रे, टॉवेल, ब्लँकेट, तो स्वेटर. मी हिरव्या दोऱ्याचं रीळ आणलं होतं. एकेका कापडाच्या आतल्या कडेला तीन तीन टाके घालत गेले. दुकानात मी खुणा कापते, खोलीत बसून घालत होते. हसू यायला हवं होतं, आलं नाही. लाज वाटायला हवी होती, तीही वाटली नाही. बोटांना सुई टोचत होती तेवढी कळत होती. सत्तावीस वस्तू झाल्या. मग मी फरशी पुसली आणि कुलूप लावून निघाले.

शुक्रवारी दुपारी गाडीवाल्याने आणि मी आईला दोन्हीकडून धरून जिना चढवला. ती हलकी झाली होती. दारात ती थांबली. गाडीवाला म्हणाला, "या आई, आलं तुमचं घर," आणि भराभरा खाली निघून गेला. त्या दिवशी टेम्पो भरणारा तोच होता.

आईने सगळीकडे नजर फिरवली. तो धूसर चष्मा नाकावर होता. मी तिला खुर्चीत बसवलं.

"डुलतेय," ती म्हणाली.

"फरशी खाली-वर आहे. पुठ्ठा लावते."

पुठ्ठ्याची घडी करून मी पायाखाली सरकवली. चहा टाकला. दोन कप बघून ती म्हणाली, "बाकीचे?" मी म्हटलं, "दादाच्या हातून फुटले." दादा तिथे नव्हता, त्यामुळे त्याच्या नावावर काहीही खपलं असतं. रेडिओ दुरुस्तीला होता. घड्याळाचे आकडे मी पुसले तेव्हा त्यांचा सोनेरी मुलामा गेला होता. एकामागून एक अशी उत्तरं माझ्या तोंडातून निघत होती आणि आई प्रत्येकाला "हं" म्हणत होती. मला वाटलं, जमतंय. हुश्श असं काहीतरी वाटल्यासारखं झालं, तेवढंच.

थंडी वाजते म्हणाली म्हणून मी स्वेटर दिला. उजवा हात बाहीत घालायला वेळ लागला. मग ती डाव्या हाताच्या बोटांत स्वेटरची आतली कड धरून बसली आणि अंगठा मागेपुढे फिरवत राहिली.

"हे टाके तू घातलेस."

"उसवले होते. परत घातले."

"चादरीचेपण?"

मी कपबश्या उचलायला उठले.

"बस खाली," ती म्हणाली. "हा स्वेटर माझा नाही. माझा काखेत काचायचा."

मी बसले. खरं तर अजूनही काहीतरी जुळवता आलं असतं. धुतल्यावर सैल झाला, असं म्हणता आलं असतं. पण मी थकले होते. सत्तावीस वस्तूंना टाके घालून झाल्यावर अठ्ठाविसाव्याची ताकद उरली नव्हती.

"तुला कळू नये म्हणून केलं," मी म्हटलं.

"काय कळू नये?"

"की आम्ही तुझी खोली रिकामी केली होती. तू परत येणार नाहीस असं वाटलं आम्हाला."

तर बोलून टाकलं. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. रागावेल, रडेल, दादाचं नाव घेईल. तिचा चेहरा तसाच होता, एका बाजूने जरा उतरलेला.

"ते मला माहीत होतं," आई म्हणाली.

"कुणी सांगितलं?" माझ्या डोळ्यांसमोर घरमालकीण आली, गल्ल्यावरची आली. "दादाने?"

"तुम्हीच. हॉस्पिटलात."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आधी सांगितली नाही, कारण सांगण्यासारखी आहे असं मला वाटलंच नव्हतं. खोली रिकामी करायच्या आदल्या दिवशी आम्ही यादी केली होती. कुठल्या वस्तू दुकानात, कुठल्या गठ्ठ्यात, कुठल्या फेकायच्या. मी सांगत होते, दादा लिहीत होता. ही यादी आम्ही हॉस्पिटलमध्ये केली. आईच्या पलंगाच्या एका बाजूला तो, एका बाजूला मी, मध्ये ती. बसायला तिथे दोनच स्टुलं होती.

"मला ऐकू येत होतं," ती म्हणाली. शब्द एकेक करून येत होते, पण एकही अडखळला नाही. "डोळे उघडत नव्हते. बोलता येत नव्हतं. दादा म्हणाला, खुर्ची घेईल का कुणी? तू म्हणालीस, भक्कम आहे, आठवड्यात जाईल."

"आई…"

"गेली का आठवड्यात?"

"चार दिवसांत," मी म्हटलं.

"हं."

खाली कुणीतरी गाडी सुरू करत होतं. ती सुरू होईना.

"मला राग नाही आला," ती म्हणाली. "सामान तर हलवावंच लागतं. मी तरी हॉटेलात काय केलं? माणूस खोलीतून गेलं की चादर ओढायची. मी फक्त लक्ष देऊन ऐकत होते. दादाने चहाचा एक कप मागितला. मला वाटलं आता तू काहीतरी मागशील. काही का असेना, माझं. तुझं नाव येईल म्हणून मी सगळी यादी ऐकली. मग यादी संपली."

मी आठवायला लागले. अगदी खरं सांगते, जिवापाड आठवायला लागले. रुमाल, केसांची पिन, सुईदोऱ्याचा डबा, चमचा, काहीही, चुकून माझ्या पर्समध्ये राहिलेलं, खोक्यातून पडलेलं. आठवडाभर मी सराईतासारखी खोटं बोलत होते, एक आणखी बोलले असते तर काय बिघडलं असतं? पण मला एकसुद्धा वस्तू सुचली नाही. मी त्या खोलीतल्या एकेका वस्तूला तीन सेकंद दिले होते आणि त्यांतली एकही ठेवावीशी वाटली नव्हती.

"नाही ठेवलं काही," मी म्हटलं.

आईने मान हलवली. मग ती त्या परक्या स्वेटरची बटणं लावायला लागली, डाव्या हाताने, खालून वर. पहिलं बटण काजातून निसटलं. तिने परत धरलं, परत निसटलं. मी पुढे सरकले आणि हात लांब केला.

"राहू दे," आई म्हणाली.